फिलिपीन्सला निघालेल्या मुलाच्या आईस: मिशनच्या दोन वर्षांविषयी

न्यू जर्सीतील एका मराठी आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा कॉलेजात गेल्यावर मॉर्मन चर्चचा सदस्य झाला आणि आता, एकोणिसाव्या वर्षी, त्याला दोन वर्षांच्या धर्मसेवेसाठी फिलिपीन्समध्ये, मनिलाच्या दक्षिणेकडील भागात जाण्याचे पत्र आले आहे. घरातील दुसरे कोणीही या चर्चचे नाही. तो तिथे दिवसभर काय करणार, काय खाणार, कोणाबरोबर राहणार, आजारी पडला तर त्याच्याकडे कोण पाहणार, शिक्षणाचे काय होणार आणि परत येईल तेव्हा तो आपला राहिलेला असेल का, असे त्यांनी विचारले आहे.

माझा जन्म ठाण्याचा. तेराव्या वर्षी मी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलो, सतराव्या वर्षी या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९९७ ते १९९९ ही दोन वर्षे फिलिपीन्सच्या टागालोग भाषिक भागात मिशनरी म्हणून काढली. पुढे शिकत असताना नव्या मिशनरींना टागालोग शिकवली आणि गेली चौदा वर्षे मिशनवर निघालेल्या मुलामुलींचा तयारीचा वर्ग मी घेत आहे. माझी आई शेवटपर्यंत माळकरी होती, तिच्या गळ्यातली तुळशीची माळ आणि माझ्या खिशावरची मिशनरीची काळी नावपट्टी एकाच घरात नांदली. म्हणून ताई, तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग मला सर्वांत आधी दिसला. त्याचे उत्तर मात्र शेवटीच देतो, कारण मधले समजल्याशिवाय ते समजणार नाही.

आधी एक शब्दाची गोष्ट. 'मॉर्मन' हे नाव जगभर रुळलेले असले, तरी २०१८ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव वापरावे असे आवाहन केले. तुम्ही मुलाशी बोलताना नुसते 'चर्च' म्हणालात, तरी त्याला ते जवळचे वाटेल. अठराव्या वर्षापासून मुलग्यांना मिशनवर जाता येते, हा नियम २०१२ च्या ऑक्टोबरात आला, त्यापूर्वी ही मर्यादा एकोणीस होती. मुलगे चोवीस महिने जातात, मुली अठरा महिने. २०२४ अखेर असे सुमारे ७४,००० मिशनरी जगभरातल्या ४५० मिशनमध्ये, म्हणजे या सेवेसाठी आखलेल्या विभागांत, काम करत होते. कोणी कुठे जायचे हे चर्चच्या बारा प्रेषितांच्या मंडळातील सदस्य ठरवतात, अर्जदाराला देश निवडता येत नाही. तेव्हा तुमच्या मुलाने तुमच्यापासून लांब जाण्यासाठी फिलिपीन्स मागून घेतले, असा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका.

सुरुवातीचे आठवडे प्रशिक्षणाचे असतात. त्यातला पहिला टप्पा आता घरूनच, संगणकासमोर बसून होतो आणि त्यानंतर युटातील प्रोव्हो, मनिला किंवा अन्य ठिकाणच्या प्रशिक्षण केंद्रात उरलेला. भाषा किती नवी आहे त्यावर हा काळ तीन आठवड्यांपासून नऊ आठवड्यांपर्यंत असतो. घरून होणाऱ्या टप्प्यात तो तुमच्याच छपराखाली असेल, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्गात असेल. त्या दिवसांत त्याच्या खोलीचे दार मिटलेले असले तर वाईट वाटून घेऊ नका.

प्रत्यक्ष मिशनवरचा दिवस साधारण साडेसहाला सुरू होतो आणि रात्री साडेदहाला दिवे मालवतात. थोडा व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथाचे एकट्याने आणि जोडीदाराबरोबर वाचन, भाषेचा अभ्यास, आणि त्यानंतर रात्रीपर्यंत बाहेर. बाहेर म्हणजे ज्यांनी वेळ दिली आहे त्यांच्या घरी जाऊन शिकवणे, रस्त्यात लोकांशी बोलणे, चर्चपासून दुरावलेल्या कुटुंबांना भेटणे आणि लागेल तिथे हात लावणे. वादळात उडालेले नारळीच्या झावळ्यांचे छप्पर मी पुन्हा शाकारले आहे. गुडघाभर चिखलात उभे राहून भात लावताना मुरबाडच्या आजोळची लावणी आठवून माझे डोळे भरून आले होते. रविवारी लहानशा सभागृहात प्रार्थनासभा असते, आणि जिथे स्थानिक माणसे कमी असतात तिथे पेटी वाजवण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळे मिशनरीच करतात. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, तयारीचा असतो. त्या दिवशी कपडे धुणे, बाजार, केस कापणे, घरी पत्र आणि फोन ही कामे उरकतात. कपडे बहुतेक ठिकाणी हाताने धुवावे लागतात, आंघोळ बादली आणि टमरेलाने होते. हे वाचून तुम्हाला काळजी वाटणार नाही, पण अमेरिकेत वाढलेल्या तुमच्या मुलाला पहिले पंधरा दिवस ते जड जाईल.

या साऱ्यापेक्षा जड जाते ते जोडीदाराबरोबर राहणे. याविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, कारण माझ्या वर्गातली मुले भाषेला, उकाड्याला आणि नकाराला घाबरतात, आणि परत आल्यावर सांगतात ते मात्र जोडीदाराविषयी. मिशनरी कधीही एकटा नसतो, जोडीदार सदैव दिसेल आणि त्याचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर असावा हा नियम आहे. जोडीदार निवडता येत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात आणि त्या वेळी जोड्या आणि गावे बदलू शकतात, म्हणजे दोन वर्षांत आठ-दहा वेगवेगळ्या मुलांबरोबर एकाच खोलीत राहावे लागते. तुमच्या मुलाचे बरेचसे जोडीदार फिलिपिनो असण्याचा संभव आहे, कुणी मिंदानाओ बेटावरच्या शेतकऱ्याचा मुलगा असेल, कुणी मनिलाच्या रिक्षाचालकाचा. त्याच्या आयुष्यात असे नाते पूर्वी आलेले नाही. भावाशी भांडले तर आई मध्ये पडते आणि वसतिगृहात पटले नाही तर खोली बदलता येते, इथे मात्र त्याच माणसाबरोबर दुसऱ्या दिवशी साडेसहाला गुडघे टेकून प्रार्थना करायची असते.

माझ्या तिसऱ्या जोडीदाराशी मी नऊ दिवस कामापुरते सोडून बोललो नव्हतो. एका घरी शिकवत असताना त्याने इंग्रजी शब्द चुकीचा उच्चारला आणि मी तो सगळ्यांसमोर दुरुस्त केला, माझ्या मते सहज. फिलिपीन्समध्ये 'हिया' नावाची गोष्ट आहे, चारचौघांत मान खाली जाण्याची लाज, आणि तिथले लोक दुसऱ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून फार जपतात. आपल्याकडे पाहुण्यांसमोर घरच्या माणसाला टोकत नाहीत, तेच हे. पण ते मला तेव्हा सुचले नाही आणि तो का गप्प झाला हेही कळले नाही. दहाव्या दिवशी कपडे धुताना मी त्याला विचारले, त्याने सांगितले, आणि मी माफी मागितली. त्यानंतर आम्ही चार महिने एकत्र राहिलो. तो आजही माझ्या मुलांचा काका आहे. तुमच्या मुलाला निघण्यापूर्वी एकच वाक्य शिकवायचे असेल तर 'माझे चुकले' हे शिकवा, आणि ते टागालोगमध्ये कसे म्हणतात ते पाठ करायला लावा. 'पासेन्स्या ना पो.'

भाषेची भीती कमी करता येईल. तुमचा मुलगा मराठी बोलत असेल, मोडकीतोडकी का होईना, तर त्याच्यापाशी त्याच्या अमेरिकन सोबत्यांकडे नसलेले भांडवल आहे. टागालोगमध्ये क्रियापद वाक्यातल्या कोणत्या घटकाकडे लक्ष वेधायचे त्यानुसार रूप बदलते. 'काइन' म्हणजे खाणे, खाणाऱ्याला महत्त्व असेल तर 'कुमाइन', खाल्लेल्या वस्तूला महत्त्व असेल तर 'किनाइन'. इंग्रजीतून विचार करणारी मुले इथे महिनोन्महिने अडखळतात. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' असे म्हणणाऱ्या, म्हणजे क्रियापदाला खाणाऱ्याऐवजी खाल्लेल्या वस्तूच्या मागे चालवणाऱ्या मराठी मुलाला ही कल्पना परकी वाटत नाही. शिवाय गुरूला तिथे 'गुरो' म्हणतात, चेहऱ्याला 'मुखा', आणि रानातल्या देवतेला 'दिवाता'. हे शब्द शेकडो वर्षांपूर्वी समुद्रमार्गाने तिथे पोहोचले आहेत. आदरासाठी प्रत्येक वाक्यात 'पो' घालतात, मोठ्यांना होकार देताना नुसते 'ओओ' न म्हणता 'ओपो' म्हणतात. 'अहो' आणि 'अरे' यांतला फरक ज्याच्या कानाला माहीत आहे, त्याला 'पो' शिकवावा लागत नाही. तरीही पहिले तीन महिने तो घरोघरी बसून हसरा चेहरा ठेवील आणि त्याला निम्मेही कळणार नाही. सहाव्या महिन्याच्या आसपास एखाद्या आजीने सांगितलेली गंमत त्याला अनुवाद न करता कळेल, आणि त्या आठवड्याचा फोन तुम्ही लक्षात ठेवाल.

आता एक गोष्ट, जी त्याला प्रशिक्षण केंद्रात कदाचित कोणी सांगणार नाही, कारण तिथल्या बहुतेकांना ती माहीत नसते. फिलिपीन्समध्ये भारतीय माणसाला 'बुंबाय' म्हणतात. हा शब्द आपल्या मुंबईच्या जुन्या नावावरूनच गेला, मोठ्या लाल कांद्यालाही तिथे 'बुंबाय कांदा' म्हणतात. तिथल्या गल्लीबोळांत दुचाकीवरून फिरणारे पंजाबी सावकार पाचाचे सहा परत घेतात, म्हणून त्या धंद्याचे नावच 'पाच-सहा' पडले आहे, आणि बुंबाय म्हटले की लोकांना आधी तो सावकार आठवतो. लहान मूल जेवत नसेल तर आई त्याला बुंबाय घेऊन जाईल अशी भीती घालते. तुमचा मुलगा पांढरा सदरा घालून एखाद्या दारात उभा राहील, तेव्हा आतून कोणीतरी 'बुंबाय आला' असे ओरडेल आणि दार लागेल. काही ठिकाणी लोक त्याच्या गोऱ्या जोडीदाराशीच बोलतील आणि 'हा अमेरिकन कसा' असे विचारतील. मला हे पहिल्या आठवड्यातच घडले आणि फार लागले, कारण मी कोणत्या देशाचा आहे हे मलाच तेव्हा नीट उमगले नव्हते. पुढे मी स्वतःच दारात 'मी बुंबाय आहे, पण वसुलीला आलेलो नाही' असे म्हणू लागलो. दारे उघडू लागली. त्याला हे आधीच सांगून ठेवा. अपमान म्हणून सांगू नका, या शब्दामागे माणसांचा कोणता अनुभव आहे ते समजावून सांगा.

खाण्याविषयी. फिलिपीन्समध्ये कोणाच्याही घरासमोरून जाताना आत जेवण चालू असेल तर 'काइन तायो', म्हणजे 'या जेवायला', अशी हाक येतेच, आणि ज्या घरात उद्याच्या तांदळाची खात्री नाही तिथूनही ती येते. तिन्ही त्रिकाळ भात असतो. बरोबर सुकी मासळी, व्हिनेगरमध्ये शिजवलेले मांस, सणाला अख्खे भाजलेले डुक्कर. पिल्लू अर्धवट वाढलेले बदकाचे उकडलेले अंडे, ज्याला 'बालुत' म्हणतात, ते मिशनरींना खाऊ घालण्यात यजमानांना विशेष आनंद असतो, ते नाकारले तरी कोणी रागावत नाही. चर्चच्या नियमानुसार चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य आहेत, हे तो घरी पाळत असेलच. मांसाहारावर चर्चचा आग्रह नाही आणि बंदीही नाही. तुमचा मुलगा शाकाहारी असेल तर त्याला कठीण जाईल, पण अशक्य नाही. शेवग्याचा पाला तिथे घरोघरी खातात, त्याला 'मलुंगगाय' म्हणतात. मुगाची पातळ उसळ शुक्रवारी हमखास असते, वांगी, कारली, चवळीच्या शेंगा भरपूर मिळतात आणि अळूची पाने नारळाच्या दुधात शिजवतात. अडचण इतकीच की या भाज्यांत खारवलेल्या मासळीचा किंवा कोळंबीचा ठेचा घालण्याची पद्धत आहे, म्हणून त्याला आपल्या खोलीवर स्वतः रांधता आले पाहिजे. माझ्या अनुभवात स्वयंपाक येणाऱ्या मिशनरीला जोडीदाराचे प्रेम भाषणे देणाऱ्यापेक्षा लवकर मिळते. निघण्यापूर्वी त्याला भात, वरण, एक सुकी भाजी आणि अंड्याचा एखादा प्रकार न पाहता करता येऊ दे.

प्रकृतीच्या बाबतीत मी तुम्हाला तीन गोष्टी आवर्जून सांगतो. तिथे डेंग्यू आहे, पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांमुळे रेबीजचा धोका आहे. पहिल्या दोहोंवर वेळेत उपचार घेतल्यास मुलगा सहसा बरा होतो, रेबीज मात्र लक्षणे दिसण्याआधीच लस घेऊन टाळावा लागतो, आणि प्रत्येकात मुलाने लपवल्यास धोका वाढतो. मी ताप चार दिवस लपवला होता, कारण त्या आठवड्यात एका कुटुंबाचा बाप्तिस्मा होता आणि तो चुकू नये असे मला वाटत होते. पाचव्या दिवशी मला जवळच्या रुग्णालयात न्यावे लागले, आणि आणखी एक दिवस उशीर झाला असता तर परिस्थिती हाताबाहेर गेली असती असे डॉक्टरांनी सांगितले. प्रत्येक मिशनवर अध्यक्ष आणि त्यांची पत्नी तीन वर्षांसाठी नेमलेले असतात, त्यांच्या हाताशी वैद्यकीय सल्लागार असतात आणि उपचाराची सोय चर्च करते. पण त्यांना कळवायचे काम मुलाचे आहे. कुत्रा नुसता ओरखडला तरी त्याच तासाला फोन करायचा, असे त्याच्याकडून कबूल करून घ्या. वादळांचा मोसम साधारण जून ते नोव्हेंबर. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान वादळाने ताक्लोबान शहर जवळजवळ नाहीसे केले, तेव्हा तिथल्या मिशनमधले सर्व २०४ मिशनरी सुखरूप बाहेर आले. काही घरांना मात्र अनेक दिवस मुलांची खबर मिळाली नव्हती. असा प्रसंग आलाच तर मौन म्हणजे संकटच असे धरून चालू नका, तिथे आधी वीज जाते आणि मोबाइलचे मनोरे पडतात.

मनाच्या प्रकृतीविषयी पूर्वी कोणी बोलत नसे. २०१३ मध्ये चर्चने मिशनरींसाठी एक पुस्तिका काढली, तीत ताणाच्या पातळ्या हिरव्या, पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत सांगितल्या आहेत आणि प्रत्येक पातळीवर काय करावे तेही दिले आहे. ती पुस्तिका तुम्हीही वाचा. झोप न लागणे, फोनवर सगळे 'छान' असे एकाच स्वरात सांगणे, आवडीच्या गोष्टींचा उल्लेख बंद होणे ही चिन्हे आईच्या कानाला आधी कळतात. सल्लागाराशी बोलण्याची सोय असते आणि ती मागण्यात कमीपणा नाही. काही मुले वेळेआधी परत येतात. ती परत आली की आजूबाजूची माणसे दबक्या आवाजात बोलू लागतात, आणि त्या कुजबुजीने आजारापेक्षा जास्त इजा होते. तुमच्या मुलावर ती वेळ आली तर त्याने तुमच्याकडे कारणांचा हिशेब देण्याची गरज नाही, हे त्याला जाण्याआधीच ठाऊक असू द्या.

नकार रोज मिळतो. 'हो, उद्या या' म्हणणारे घर उद्या बंद असते, कारण तोंडावर नाही म्हणणे तिथे असभ्य समजले जाते. आपण 'बघू' म्हणतो त्याच अर्थाने तिथे 'सिगे पो' म्हणतात. फिलिपीन्स हा ख्रिस्ती, त्यातही बहुसंख्य कॅथलिक देश आहे आणि चर्च बदलणे म्हणजे आजीपासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांना उत्तर देणे असते. २०२४ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख ८ हजार जणांनी या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे एका मिशनरीमागे वर्षाला सरासरी चार. ही सरासरी आहे, युरोपात पाठवलेल्या मुलांना दोन वर्षांत एकही दिसत नाही असे घडते. या चर्चचा ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या छावणीत राहिला, विरोध सहन करत त्याने तिथे मूठभर लोकांची मंडळी उभी केली, आणि १८५० चे दशक संपण्याआधीच भारतातले ते काम थांबले. माझ्या वर्गात मी त्याची गोष्ट मुद्दाम सांगतो. मुलांना आकड्यांची नशा आणि आकड्यांची निराशा दोन्ही लवकर चढतात, आणि अनोळखी माणसाला, त्याने ऐकले तरच, आपल्या श्रद्धेविषयी सांगणे आणि नाही म्हटले तर सद्भावनेने उठणे हेच त्यांचे काम आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. कोणत्याही देशात कायद्याची मर्यादा असते. रशियात २०१६ च्या कायद्यानंतर चर्चने तिथल्या मिशनरींना 'स्वयंसेवक' म्हणून केवळ सेवेच्या कामाला लावले. फिलिपीन्समध्ये तसे बंधन नाही, पण एखाद्या घरातला कर्ता माणूस नको म्हणत असताना त्याच्या मुलांना बाहेर गाठून शिकवणे मला तेव्हाही मान्य नव्हते, आजही नाही. तुम्ही स्वतः दुसऱ्या धर्माच्या आई आहात, म्हणून ही गोष्ट तुमच्या मुलाला तुमच्याइतकी नीट कोणी सांगू शकणार नाही.

माझ्या वेळी घरी वर्षातून दोनदा फोन करता येत असे, नाताळला आणि मातृदिनाला. १५ फेब्रुवारी २०१९ पासून मिशनरी दर आठवड्याला तयारीच्या दिवशी घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करू शकतात. याचा उपयोग करा, पण 'किती बाप्तिस्मे झाले' हा प्रश्न कधीही विचारू नका. कोणाच्या घरी जेवलास, जोडीदाराची आई कशी आहे, कोणता नवा शब्द शिकलास, हे विचारा. घरची बातमी लपवू नका आणि प्रत्येक दुखणे वाढवूनही सांगू नका. मला माझी आजी गेल्याचे मिशन अध्यक्षांनी फोनवर सांगितले. मिशनरी सामान्यतः लग्नकार्याला किंवा अंत्यविधीला घरी येत नाहीत, मीही गेलो नाही. तेराव्याला आईने तिकडे ताट वाढले त्या वेळी इकडे माझा जोडीदार रात्रभर माझ्याशेजारी बसून होता. मला आजही त्या न जाण्याचे दुःख आहे, तो निर्णय चुकला असे मात्र वाटत नाही. तुमच्या घरात कोणी फार वृद्ध किंवा आजारी असेल, तर निघण्यापूर्वी मुलाने त्यांच्याजवळ आठ दिवस राहावे आणि 'असे झाले तर काय करायचे' हे त्यांच्याच समोर ठरवावे. वडील माणसे आपण समजतो त्याहून हे चांगले ऐकतात.

पैशाचे सांगतो. अमेरिकेतल्या मिशनरीच्या कुटुंबाने जुलै २०२० पासून दरमहा ५०० डॉलर द्यायचे असतात, देश स्वस्त असो वा महाग, म्हणजे दोन वर्षांचे १२,००० डॉलर. राहणे, जेवण आणि प्रवास त्यातून आणि चर्चच्या निधीतून भागतो. तुम्ही देऊ शकत नसाल किंवा द्यायची इच्छा नसेल तर त्याचा स्थानिक वॉर्ड, म्हणजे तिथली चर्चची मंडळी, मदत उभी करतो, त्यावरून मुलाशी वाद घालण्याची गरज नाही. कॉलेजकडून प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन वर्षे राखून ठेवल्याचे पत्र लेखी घ्या, तोंडी आश्वासन दोन वर्षांनी कोणाला आठवत नाही. आणि एक गोष्ट मराठी घरांसाठी खास महत्त्वाची, जी स्थानिक बिशपच्या, म्हणजे वॉर्डच्या प्रमुखाच्या, लक्षात येत नाही: मुलगा अमेरिकन नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल, तर एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना लागतो. त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि तो जास्तीत जास्त दोन वर्षे चालतो. तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर तो असेल तर एकविसाव्या वर्षाचा प्रश्न आणखी अवघड आहे. तिकीट येण्यापूर्वी स्थलांतराच्या वकिलाला भेटा. या एका चुकीमुळे अडकलेली मुले मी पाहिली आहेत.

शेवटचा प्रश्न, तो आपला राहील का. मी परत आलो तेव्हा विमानतळावर आईच्या पाया पडलो आणि उठताना नकळत तिचा हात घेऊन माझ्या कपाळाला लावला. फिलिपीन्समध्ये लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद असा घ्यायचा असतो, दोन वर्षांत ती सवय हाडात गेली होती. आईने हे काय म्हणून विचारले, मी सांगितले, आणि पुढे वारीहून येणाऱ्या तिच्या मैत्रिणींना ती ते कौतुकाने सांगत असे. ती चर्चमध्ये आली नाही, मी तिला ये म्हणून कधी आर्जव केले नाही. तुमचा मुलगा बदलून येईल. पहिले काही दिवस तो साडेसहाला उठेल, खोलीत एकटा असला की अस्वस्थ होईल, झोपेत टागालोग बोलेल आणि नळाचे गरम पाणी पाहून गप्प उभा राहील. तो परत आल्यावर स्टेकचे, म्हणजे अनेक वॉर्ड मिळून झालेल्या विभागाचे, अध्यक्ष त्याला सेवेतून मुक्त करतील आणि त्याच्या खिशावरची नावपट्टी निघेल, त्या संध्याकाळी घरात पाहुणे बोलावू नका. तो आरतीला उभा राहील की नाही, प्रसाद घेईल की नाही, श्राद्धाला बसेल की नाही, याचे उत्तर प्रत्येक मुलगा वेगळे देतो. मी आरती म्हणत नाही, पण आईची पूजा संपेपर्यंत तिच्याजवळ बसत असे, आणि ते आम्ही दोघांनी मी जाण्यापूर्वीच बोलून ठरवले होते. तुम्हीही बोला. विमानतळावर नको, निघण्याच्या महिनाभर आधी, स्वयंपाकघरात तो तुमच्याकडून वरणाची फोडणी शिकत असेल तेव्हा.